वाचकांचे प्रश्न : जुनी एमएक्स-५ घेण्याआधी

लेस्टरला राहतो. एकाच किमतीत माझदा एमएक्स-५ (उघडणाऱ्या टपाची, दोन सीटची गाडी) च्या दोन गाड्या दिसल्या : १९९९ ची, ६८ हजार मैल चाललेली, आणि २००७ ची, १ लाख ५ हजार मैलांची. कमी चाललेलीच घ्यावी ना?

मैल शेवटी बघा, आधी पत्रा बघा. या गाडीचं इंजिन सहसा धोका देत नाही. गाडी मोडीत निघते ती गंजामुळे, कारण ब्रिटनमध्ये हिवाळाभर रस्त्यांवर मीठ पडतं.

१९९९ ची गाडी दुसऱ्या पिढीतली (१९९८-२००५). तिच्या पुढच्या बाजूच्या चासीच्या दांड्या दुहेरी पत्र्याच्या असतात आणि त्या आतून कुजतात. बाहेरून काळा रंग मारला की काहीच कळत नाही. म्हणून इंजिनाखालचं प्लास्टिकचं आवरण काढून, गाडी लिफ्टवर घेऊन बघायला हवं. विकणारा त्याला तयार नसेल तर ती गाडी सोडा. दुसरी जागा मागच्या चाकांच्या लगेच पुढची, दाराखालची सिल. तिथे लोहचुंबक कापडात गुंडाळून फिरवा. चिकटला नाही तर आत पत्रा नाही, पुट्टी आहे.

२००७ ची तिसऱ्या पिढीतली (२००५-२०१५). तिच्या मागच्या चाकांच्या कमानी आणि सस्पेन्शनचे आर्म तपासा. तिला टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर हलवणारा पट्टा) नाही, चेन आहे. पण तेल कमी असताना पळवलेलं इंजिन लवकर संपतं, तेव्हा तेल मोजायची डिपस्टिक स्वतः ओढून बघा. दोन्ही गाड्यांचा एमओटी, म्हणजे ब्रिटनमधल्या वार्षिक तपासणीचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतो. त्यात गंजाचा शेरा वर्षानुवर्षं येत असेल आणि एके वर्षी अचानक नाहीसा झाला असेल, तर वेल्डिंगचं बिल मागा. बिल नसेल तर तो गंज बहुधा रंगाखाली झाकला गेलाय. माझं मत विचाराल तर, दांड्या नीट तपासता येत नसतील तर २००७ चीच घ्या.

सीटमागचा गालिचा ओला लागला. मालक म्हणतो, टप उघडा असताना पाऊस आला होता.

असेलही. पण टपाच्या कापडावरून ओघळणारं पाणी मागच्या पन्हळीत जमतं आणि दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून मागच्या चाकांच्या पुढे, गाडीखाली पडतं. पानांच्या कचऱ्याने नळी तुंबली की तेच पाणी आत उतरतं, गालिचा भिजतो आणि सिल आतून सडते. वर सांगितलेल्या गंजाचं एक मोठं कारण हेच.

परीक्षा सोपी आहे. दोन्ही बाजूंना पन्हळीत अर्धा-अर्धा लिटर पाणी हळूहळू ओता आणि खाली वाकून बघा. एका बाजूला धार पडली आणि दुसरीकडे नुसतं ठिबकलं, तर दुसरी नळी तुंबली आहे. ती गवत कापायच्या यंत्रातल्या जाड नायलॉन दोरीने साफ करा. तारेने नको, नळी फाटते.

पहिल्या पिढीच्या टपाची मागची खिडकी प्लास्टिकची असते. टप खाली करण्याआधी तिची चेन उघडावी लागते, आणि कडाक्याच्या थंडीत तर घडीच घालू नये, तडा जातो.

चालवून बघताना काय ऐकायचं?

बोनेटवर हात ठेवा. गरम असेल तर मालकाने आधीच सुरू करून ठेवली आहे. दुसऱ्या दिवशी या. पहिल्या पिढीत थंड इंजिन वरून टकटकतं. ते व्हॉल्व्ह ढकलणारे हायड्रॉलिक टॅपेट असतात, तेल चढलं की बहुतेकदा गप्प होतात. दुसरा गिअर थंडपणी अडखळला तर चालतं, गरम झाल्यावरही करकरला तर सिंक्रो (गिअरचा वेग जुळवणारी कडी) झिजलाय. क्लचचा पाय खाली जाऊन वर येत नसेल तर क्लच ढकलणारा स्लेव्ह सिलिंडर गळतोय. स्वस्त काम आहे, पण घासाघीस करायला उपयोगी. पहिल्या दोन पिढ्यांचा टायमिंग बेल्ट ६० हजार मैलांना बदलतात, सोबत वॉटर पंपही बदलावा. पावती नसेल तर बदललेला नाही असंच धरा. टायर आतल्या कडेने झिजले असतील तर विचारा, व्हील अलाइनमेंट कधी केलं? सस्पेन्शनच्या खालच्या आर्मचे समायोजनाचे बोल्ट रबरी बुशमध्ये जाम झाले की अलाइनमेंट होतच नाही, आणि ते कापून काढणं महागात पडतं.

जपानहून आलेली ‘युनोस रोडस्टर’ (पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ चं तिकडचं नाव) गंजाला बरी म्हणतात. खरं का?

अर्धं खरं. जपानच्या बऱ्याच भागात रस्त्यांवर मीठ नसतं, पण यातल्या कित्येक गाड्या इकडे येऊन वीस हिवाळे काढून बसल्या आहेत. कधी आली ते विचारा. चासी क्रमांक ‘एनए६सी’ असा सुरू होत असेल तर ती आयात केलेली. विम्याच्या वेळी तसं सांगा. मीटर किलोमीटरचं होतं की मैलांचं, आणि कधी बदललं, याचा कागद हवा. १९९१ पर्यंतच्या १.६ लिटर इंजिनात क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) पुढचं टोक आखूड आहे, त्यामुळे त्यावरची पुली सैल होऊ शकते. पुढच्या पुलीला चार खाचा दिसल्या तर ते जुनं क्रँक, आठ असल्या तर सुधारित. गाडी उभ्या-उभ्या चालू असताना पुली डुगडुगली तर घेऊ नका.

पुढेमागे पुण्याला परतताना ती सोबत नेता येईल?

नाही. भारतात आणायची वापरलेली गाडी उत्पादनापासून तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही.