काढलेलं एक्स्टेन्शन परत येतंय म्हणजे कोणीतरी ते परत टाकतंय

तुम्ही लिहिलंय की कुठलीही साइट उघडली तरी मध्येच जाहिराती घुसतायत, सर्च केलं की भलत्याच पानावर जातंय, एक अनोळखी एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम) दिसलं पण त्याला रिमूव्हचं बटणच नाही, आणि मेनूत खाली 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' लिहून आलंय, लॅपटॉप मात्र घरचा आहे. वर काहींनी क्रोम उडवून परत टाका म्हणून सांगितलंय, त्याने दोन दिवस बरं वाटेल फार तर, कारण तुमचा रोग क्रोममध्ये नाहीये, विंडोजमध्ये आहे.

तरी आधी खात्री करून घ्या. विकिपीडियाचं कुठलंही पान उघडा. तिथे कुठल्याच कंपनीची जाहिरात नसते, कधीकधी त्यांचं स्वतःचं देणगीचं आवाहन असतं तेवढंच. तिथे जर सेलचे बॅनर दिसले किंवा मजकुरातले शब्द आपोआप लिंक झालेले दिसले तर ते साइटचं काम नाही, तुमच्या मशीनमध्ये मध्ये कोणीतरी बसलंय. मग तेच पान क्रोमच्या गेस्ट प्रोफाइलमध्ये (तिथे तुमची एक्स्टेन्शन चालत नाहीत) उघडा, आणि एकदा दुसऱ्या ब्राउझरमध्ये पण. गेस्टमध्ये स्वच्छ दिसलं तर एक्स्टेन्शनवर संशय, सगळ्याच ब्राउझरमध्ये घाण दिसली तर संशय प्रॉक्सीवर (नेटची ये-जा ज्या मधल्या सर्व्हरमधून होते तो), डीएनएसवर (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सोय) नाहीतर चालू असलेल्या एखाद्या प्रोग्रामवर. आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात येणारे 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे' वाले डबे हे बहुतेक वेळा जबरदस्तीने जाहिराती घुसवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे अ‍ॅडवेअर नसतातच हो, कधीतरी एखाद्या साइटला नोटिफिकेशनसाठी 'अलाव' दाबलेलं असतं. क्रोमच्या साइट सेटिंगमध्ये जाऊन ती परवानगी काढली की विषय संपला, त्यासाठी फॉरमॅट मारणारे लोक पाहिलेत मी.

आता तुमची केस. रिमूव्ह बटण गायब असणं आणि 'ऑर्गनायझेशन' दिसणं ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत. कंपन्यांना आपल्या सगळ्या मशीनवर एखादं एक्स्टेन्शन सक्तीने टाकता यावं म्हणून क्रोममध्ये पॉलिसीची, म्हणजे बाहेरून लादलेल्या नियमांची सोय आहे, आणि अ‍ॅडवेअरवाले तीच सोय वापरतात. अ‍ॅड्रेस बारमध्ये क्रोम, कोलन, दोन स्लॅश आणि पुढे पॉलिसी असं टाइप करा. तिथे 'एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट' नावाची ओळ असेल तर तिच्या व्हॅल्यूमध्ये ३२ अक्षरांची एक निरर्थक दिसणारी माळ असेल, तोच त्या एक्स्टेन्शनचा आयडी. एक्स्टेन्शनच्या पानावर डेव्हलपर मोड चालू करून तोच आयडी जुळतोय का बघा. जुळला की चोर सापडला. (काही अँटिव्हायरस पण पॉलिसी टाकतात, त्यामुळे नुसती पॉलिसी दिसली म्हणून घाबरू नका. आणि ऑफिसचा लॅपटॉप असेल तर हे काहीच करू नका, आयटीवाल्यांना सांगा.)

पण ती पॉलिसी लगेच उडवायला जाऊ नका, क्रम महत्त्वाचा आहे. सगळ्यात आधी क्रोमचं सिंक (सेटिंग आणि एक्स्टेन्शन गूगल अकाउंटमध्ये साठवणारी सोय) बंद करा, नाहीतर इकडे तुम्ही साफ करणार आणि तिकडून अकाउंटमधून तेच सामान परत उतरणार. मग इन्स्टॉल्ड अ‍ॅप्सची यादी तारखेनुसार लावा आणि त्रास सुरू झाला त्या सुमाराला काय काय आलंय ते बघा, पीडीएफ कन्व्हर्टर, व्हिडिओ डाउनलोडर, ड्रायव्हर अपडेटर असल्या नावांची मंडळी जास्त संशयास्पद. त्यानंतर टास्क शेड्युलर उघडा, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवणारी विंडोजची सोय. हे पाऊल लोक हमखास गाळतात आणि मग महिनाभर 'परत आलं, परत आलं' करत बसतात. एकेका टास्कची अ‍ॅक्शन बघा, तिथे पॉवरशेलला (विंडोजचा कमांड चालवणारा प्रोग्राम) लांबलचक अगम्य मजकूर दिलेला असेल किंवा अ‍ॅपडेटामधल्या कुठल्यातरी विचित्र नावाच्या फोल्डरातली फाइल चालवायला सांगितली असेल तर तीच तुमची परत टाकणारी यंत्रणा. २०२२ मध्ये क्रोमलोडर नावाचा प्रकार गाजला होता, क्रॅक केलेले गेम म्हणून आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली नक्कल) मिळायची आणि ती चालवली की असाच टास्क बसायचा. तुम्ही असं काही उतरवलंय का ते तुमचं तुम्हाला माहीत, मी विचारत नाही.

टास्क डिलीट झाला की मग रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सगळ्या सेटिंग जिथे साठतात ती जागा, रजिस्ट्री एडिटरने उघडा. एचकेएलएममध्ये (एचकी लोकल मशीन) सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम इथे जा, आधी ती 'की' (रजिस्ट्रीतला फोल्डर) एक्स्पोर्ट करून ठेवा, मग फोर्सलिस्ट उडवा. करंट युजरखाली पण तसाच रस्ता आहे, तिथेही बघा. रीस्टार्ट करून पॉलिसीचं पान परत उघडा, ते रिकामं झालं असेल तर एक्स्टेन्शन बहुधा आपोआपच निघून गेलेलं असेल, राहिलं असेल तर रिमूव्ह करा.

यानंतर मालवेअरबाइट्सचं अ‍ॅडवक्लीनर चालवा, फुकट आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही, पण त्यांच्याच साइटवरून घ्या, सर्चमधल्या पहिल्या जाहिरातीवरून नको. शिवाय विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचा, म्हणजे डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन. मग क्रोमची सेटिंग रीसेट. राहिलेल्या बारीक जागा म्हणजे विंडोजमधली प्रॉक्सी सेटिंग, आणि डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमधलं टार्गेट, तिथे क्रोम डॉट ईएक्सईच्या पुढे एखाद्या साइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर तेवढा खोडा.

वर एकाने लिहिलंय की स्टोअरमधलं एक्स्टेन्शन आहे म्हणजे सेफ. तसं काही नसतं. ग्रेट सस्पेंडर नावाचं एक्स्टेन्शन लाखो लोक वापरत होते, ते नव्या मालकाकडे गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये मालवेअर म्हणून गूगलनेच काढून टाकलं. ज्याला 'सगळ्या साइटवरचा डेटा वाचणे आणि बदलणे' ही परवानगी आहे तो जाहिराती घुसवू शकतो आणि तुम्ही टाइप केलेलं वाचूही शकतो, म्हणून मेल आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ डिव्हाइसवरून बदला आणि सगळीकडून लॉगआउट करा. सिंक चालू करायची घाई नको, चारपाच रीस्टार्ट शांततेत गेले की करा.

पॉलिसीच्या पानाचा स्क्रीनशॉट टाका इथे, आणि टास्क शेड्युलरमधलं कुठलं नाव कळलं नाही तर डिलीट करण्याआधी विचारा.