सात्या, बोडा आणि इटलीचं ट्रफल: वाचकांचे प्रश्न

श्रावणाच्या अंकात सात्याच्या, म्हणजे वारुळावर निघणाऱ्या अळिंबीच्या, भाजीवर लिहिलं होतं, तेव्हापासून जे प्रश्न येऊन राहिले त्यातले अर्धेअधिक एकाच गोष्टीवर आहेत, ट्रफलवर, म्हणजे जमिनीखाली धरणाऱ्या एका महागड्या बुरशीवर. मोबाईलवर सगळ्यांनी पाहिलेलं असतं, कोणीतरी शेफ ताटावर काहीतरी काळंपांढरं किसतो आणि लोक डोळे मिटून घेतात. मागे एका नोव्हेंबरात मी भाचीकडे इटलीत तुरिनला बारा दिवस राहून आले, पांढऱ्या ट्रफलसाठी नावाजलेलं आल्बा तिथून जवळच, त्यामुळं यातलं थोडं माझ्या डोळ्यानं पाहिलेलं आणि नाकानं घेतलेलं आहे. म्हणून या वेळचं सदर सगळंच त्यावर.

"माझा मुलगा पुण्याले हॉटेलात कामाले हाये. तो म्हणते का तिथं ट्रफल नावाची सात्यासारखी वस्तू हजारो रुपयाले चिमूटभर भेटते. त्या आपल्या सात्याच हायेत का जी?"
एक ताई, कुरखेडा तालुका

नाही ताई, सात्या वेगळ्या. पण तुमच्या मुलाला सात्या आठवल्या हे बरोबरच झालं, कारण दोन्ही बुरशीच आणि दोन्ही ताज्याच खायच्या. सात्या उधईच्या वारुळातून येतात, आत उधईच ती बुरशी पोसते आणि पाऊस झाला की छत्र्या वर निघतात. ट्रफल मात्र कधीच वर येत नाही. ओक, हेझल, पॉप्लर, लिंडन अशा झाडांच्या बारीक मुळ्यांना गुंडाळून ही बुरशी राहते, झाडाला मातीतलं पाणी आणि खनिजं देते, झाड तिला साखर देते, आणि तिचं फळ जमिनीखालीच धरतं, बटाट्यासारखं वाकडंतिकडं. आता मातीत गाडलेल्या फळाचं बी पसरणार कसं? तर वासानं. पिकलं की त्याला असा वास सुटतो की रानडुकरं, उंदीर ते उकरून खातात आणि बी दूर नेऊन टाकतात. ज्या वासासाठी माणसं एवढे पैसे मोजतात तो मुळात जनावराला बोलवायला आहे. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं समजतं. न पिकलेलं ट्रफल बिनवासाचं आणि शिळंही बिनवासाचं, त्याला काही अर्थ नाही.

माणसाच्या नाकाला तो वास मातीतून येत नाही म्हणून कुत्रा लागतो. पूर्वी डुकरीण न्यायचे, पण ती सापडलेलं स्वतःच खाऊन टाकायची आणि मुळ्याही उधळायची. आता इटलीत शिकवलेला कुत्राच न्यावा लागतो, लागोत्तो रोमान्योलो म्हणून कुरळ्या केसांची जात त्यासाठीच प्रसिद्ध आहे. कुत्रा पायानं माती उकरायला लागला की मालक त्याला बाजूला घेतो, खाऊ देतो, आणि खुरप्याएवढ्या अवजारानं हळूहळू माती काढतो. १९८५ च्या कायद्याप्रमाणं खड्डा पुन्हा बुजवावा लागतो, कच्चं ट्रफल काढायला बंदी आहे, परवाना लागतो. माझी आजी सात्या काढताना वारुळाला काठी लावू द्यायची नाही, पुढच्या वर्षी काय खाशील म्हणायची, तेच हे. ट्रफल शोधायच्या या परंपरागत विद्येची २०२१ मध्ये युनेस्कोनं वारशाच्या यादीत नोंद केली, मला त्याचा फार आनंद झाला, कारण ही विद्या पुस्तकातली नाही, बापानं पोराला रानात नेऊन शिकवलेली आहे.

आपल्या बाजूला ट्रफलच्या जवळचं काही पाहायचं असेल तर बस्तरचा बोडा पाहा. सरईच्या झाडाखाली पहिल्या पावसात निघतो, तोही गोल, मातीतला, मुळ्यांशी जोडलेला. पण कूळ वेगळं, आणि बोडा खायचा तो चाव्यासाठी, मसाल्यात शिजवून. ट्रफल शिजवलं की गेलं.

"मी हॉटेल मॅनेजमेंट केलं आहे, येत्या ऑक्टोबरमध्ये इटलीत नोकरीवर चाललो. ट्रफलचे प्रकार किती, कोणतं केव्हा मिळते, आणि विकत घेताना फसू नये म्हणून काय पाहायचं?"
एक वाचक, ब्रह्मपुरी

अभिनंदन भाऊ, आणि महिना अगदी बरोबर निवडला. इटलीच्या कायद्यात खायच्या ट्रफलच्या नऊ जाती लिहिल्या आहेत, पण तुमच्या कामाच्या चार.

पहिलं पांढरं, ट्यूबर मॅग्नेटम, ज्याला जग आल्बाचं पांढरं म्हणतं. मिळतं मात्र आल्बाच्या पिएमोन्ते भागाबाहेरही, मार्के भागात आक्वालान्या, टस्कनीत सान मिनियातो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा त्याचा खरा काळ. वरून फिकट गुळाच्या ढेपीसारखा रंग, साल गुळगुळीत, आत बदामी आणि त्यावर पांढऱ्या बारीक शिरा. आल्बाच्या जत्रेत एका बाईनं काचेचं झाकण उचलून लिंबाएवढं ट्रफल माझ्या तळहातावर ठेवलं होतं. पहिला वास ओल्या लसणाचा, मग मधाचा, मग पावसात भिजलेल्या कुटारासारखा, आणि शेवटी गॅसच्या शेगडीचा वाटावा असा काहीतरी. मी परत दिलं, हात पुसले, तरी रात्री झोपताना बोटांना तो वास होता. मोजायला सोनाराकडं असतो तसा काटा. किलोला दोन-तीन हजार युरोपासून पुढं, उन्हाळा कोरडा गेला की भाव आणखी चढतो. हे कच्चंच खायचं, आगीवर कधीच ठेवायचं नाही, त्याचा वास इतका उडता आहे की भांडं तापलं की संपलं.

दुसरं काळं, ट्यूबर मेलानोस्पोरम, उंब्रियातलं नोर्चा आणि स्पोलेतो यासाठी नावाजलेलं. डिसेंबर ते मार्चच्या मध्यापर्यंत. वरून काळं आणि बारीक टोकदार फोडांचं, आत जांभळट काळं, पांढऱ्या नाजूक रेषा. याचा वास दबका, मातीचा आणि कोकोकडे झुकणारा, आणि याला थोडी ऊब चालते, उलट कोमट लोण्यात ते जास्त खुलतं.

तिसरं उन्हाळी, ट्यूबर एस्टिव्हम, तिकडे स्कोर्झोने म्हणतात. मे ते ऑगस्ट. वरून जाड खडबडीत फोड, सीताफळासारखे, आणि कापलं की आत फिकट बदामी. वास सौम्य, ताज्या बदाम-शेंगदाण्याच्या जातीचा. भाव पांढऱ्याच्या मानानं फारच कमी. लोक याला हलकं समजतात, मला ते पटत नाही, शिकायला हेच चांगलं, चार पैशात हात बसतो. याचंच शरदातलं रूप अनचिनाटम नावानं विकतात, जात तीच, आतून गडद आणि वास जास्त.

चौथं बियांकेत्तो, ट्यूबर बोर्की, जानेवारी ते एप्रिल. लहान, दिसायला पांढऱ्यासारखं, पण वास सरळसरळ तिखट लसणाचा. फसवणूक इथं होते. मार्चमध्ये कोणी आल्बाचं ताजं पांढरं म्हणून देत असेल तर घेऊ नका, कॅलेंडर हाच तुमचा पहिला साक्षीदार. तसंच काळ्यात चिनी ट्यूबर इंडिकम मिसळतात, दिसतं हुबेहूब पण वास जवळजवळ नाहीच. बाकी ब्रुमाले आहे, गुळगुळीत काळं मॅक्रोस्पोरम आहे, डांबराच्या वासाचं मेसेंटेरिकम आहे, ती तिकडं गेल्यावर बघाल.

घेताना पाटीवरचं लॅटिन नाव वाचा, इटालियन नावं गावागावात बदलतात. हातात घ्या, दाबा, घट्ट पाहिजे आणि किंचित उसळी पाहिजे, मऊ पडलं असेल तर सोडा. भेगा पाहा, वजन वाढवायला त्यात माती भरतात. आणि नाकाला लावल्याशिवाय पैसे काढू नका, जो विकणारा वास घेऊ देत नाही त्याच्याकडं थांबायचंच नाही.

"नागपूरच्या एका मॉलमधून ट्रफल ऑइलची बाटली आणली, ९०० रुपयांची. भाजीत टाकलं तर घरभर वास, मुलांनी ताट सरकवलं. खरं ट्रफल असंच असते का?"
एक ताई, उमरेड

नसते. बहुतेक ट्रफल तेलात ट्रफल नसतंच, साध्या तेलात २,४-डायथायापेंटेन नावाचा कारखान्यात बनवलेला पदार्थ टाकतात. हा पदार्थ खऱ्या पांढऱ्या ट्रफलमध्येही असतो, पण तिथं तो अनेक वासांपैकी एक, इथं एकटाच ओरडतो. बाटलीवर अरोमा किंवा फ्लेवरिंग लिहिलेलं असेल तर तेच समजा. आत काळे तुकडे तरंगत असले तरी वास बहुतेक त्या पदार्थाचाच असतो. मुलांनी ताट सरकवलं यात मुलांचं काहीच चुकलं नाही. फक्त एक विनंती, यावरून ट्रफलबद्दल मत बनवू नका.

"गावात एक एजंट आला होता. ट्रफल लागलेली रोपं देतो, एकरी दोन लाख भरा, तीन वर्षात करोडपती. म्हणते आपली काळी माती चुनखडीची आहे, ट्रफलले तशीच लागते. करू का?"
एक शेतकरी, यवतमाळ जिल्हा

नका करू दादा, हात जोडून सांगते. त्यानं तुम्हाला अर्धं खरं सांगितलं, म्हणूनच ते धोक्याचं आहे. ट्रफलला चुन्याची, आम्लता नसलेली माती लागते हे खरं. पण त्या झाडांना आणि त्या बुरशीला गार हिवाळा लागतो, उन्हाळ्यात माती तापून चालत नाही, आणि आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ ला जातो. शिवाय आपल्या चिकण मातीत पावसाळ्यात पाणी साचते, ट्रफलच्या मातीतून पाणी आणि हवा खेळती पाहिजे. पांढरं ट्रफल तर युरोपातही हुकमी लावता येत नाही, त्याच्या नैसर्गिक भागाबाहेर ते फ्रान्समध्ये लावलेल्या झाडांखाली आलं ही बातमी शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये दिली, तीही मोजक्या नगांची. काळं लावतात, स्पेनच्या तेरुएलमध्ये, फ्रान्समध्ये, इटलीत, ऑस्ट्रेलियातल्या मंजिमपला, पण तिथंही पहिलं फळ दिसायला साधारण पाच ते आठ वर्षं जातात आणि काही झाडांखाली कधीच येत नाही. तीन वर्षात करोडपती हे कोणत्याच देशात होत नाही.

अळिंबीच करायची असेल तर धिंगरी करा. कुटारावर होते, गव्हांड्यावर होते, पूर्व विदर्भात तणसावर करतात. एक खोली, स्वच्छ पाणी, चांगलं बियाणं, आणि महिन्या-दीड महिन्यात हातात माल. आधी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्या, आणि त्या एजंटला एक रुपयाही देऊ नका.

"आमचे जावई मिलानले असतात. जुलैमध्ये येताना ट्रफल आणतो म्हणाले. ठेवायचं कसं, करायचं काय? आमच्याइकडे लाईनचा काही भरोसा नाही."
एक काकू, लाखांदूर

काकू, आधी जावयांना कस्टमचे नियम विचारून घ्यायला सांगा, ताजी बुरशी शेतमालातच धरतात. जुलै म्हणजे ते स्कोर्झोने असणार, उन्हाळी काळं. वास सौम्य असणार, तेव्हा तसंच मनाशी धरा.

आल्यावर धुवू नका. एकेक नग कागदी नॅपकिनमध्ये गुंडाळा, काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, बरणी फ्रिजमध्ये. ट्रफल रोज पाणी सोडतं, नॅपकिन ओला होतो, तो रोज बदला, नाहीतर वरून बुरा चढतो. तांदळात पुरून ठेवा असं कोणी सांगेल, ठेवू नका, तांदूळ त्यातलं पाणी ओढून घेतात, भाताला वास लागेल पण ट्रफल वाळेल. लाईन गेली तर बरणी थर्माकोलच्या डब्यात बर्फात ठेवा. प्रवासाचे दोन दिवस धरून सगळं आठवड्याच्या आत संपवा, आणि खरं सांगायचं तर आल्याच्या दुसऱ्या दिवशीच खा, पाहुणे बोलवायला थांबू नका.

त्याच बरणीत दोन-तीन गावरान अंडी ठेवून द्या, न फोडता. अंड्याच्या कवचाला बारीक छिद्रं असतात, रात्रभरात वास आत जातो, सकाळी अर्धवट उकडलं की कळते.

खायच्या वेळी मऊ टूथब्रशनं माती झाडा, ओल्या फडक्यानं पुसा, साल काढू नका. वेफर पाडायची किसणी असेल तर तिच्या सगळ्यात बारीक पात्यावर पाडा, कागदासारखे काप. पांढऱ्याचे माणशी ८ ते १० ग्रॅम पुरतात, स्कोर्झोनेचे १५-२० घ्या.

आणि आता मुख्य. त्याची भाजी करू नका काकू. फोडणी नाही, कांदा-लसूण नाही, तिखट नाही, टमाटर नाही, लिंबू तर नाहीच. ट्रफलला तीन गोष्टी लागतात, ताट गरम, चव साधी, आणि स्निग्ध काहीतरी, कारण त्याचा वास तुपालोण्यात धरून राहतो. तिकडं ताजारिन म्हणून अंड्याच्या बलकाच्या बारीक शेवया असतात, लोण्यात घोळवून वर पांढरं पाडतात, बस एवढंच. भाचीनं मला अंड्यावर दिलं होतं. आधी ताटल्या गरम पाण्यात बुडवून पुसून घेतल्या, लोण्यात दोन अंडी हळू तळली, बलक वाहता ठेवला, मीठ टाकलं, आणि टेबलावर आल्यावर माझ्यासमोर ट्रफल पाडलं. काप गरम बलकाला टेकले तसा वास वर आला, आम्ही दोघी काही वेळ बोललोच नाही. ती म्हणाली, मावशी आधी वाक, वास घे, मग खा.

तुमच्याकडं मी असं करेन. एचएमटीचा मऊ भात, चिन्नोर नको, त्याला स्वतःचाच वास आहे. गरम भातावर घरचं लोणी आणि मीठ, वर काप, आणि ताटली झाकून अर्धा मिनिट. अंडं खाणाऱ्यांना त्यावर अर्धवट तळलेलं अंडं. उकडून कुस्करलेला बटाटा आणि लोणी, त्यावरही सुंदर लागते. स्कोर्झोने असल्यानं काही काप लोण्यात मंद आचेवर मिनिटभर ऊबवले तरी चालेल, बुडबुडे यायच्या आत उतरवा.

"सासूबाई कांदा-लसूण खात नाही. ट्रफलले लसणाचा वास असते म्हणता, मग त्यांना चालते का? आणि उरलेल्या तुकड्यांचं काय करायचं?"
एक वाचक, तुमसर

लसूण त्यात नसतो, वास तेवढा तसा असतो. पण ती अळिंबीच आहे, त्या अळिंबी खात असतील तर चालेल, नसतील तर त्यांना आग्रह करू नका. उरलेले तुकडे, चुरा, कडा, सगळं बारीक किसून मऊ लोण्यात चिमूटभर मिठासोबत मळा, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळी करून फ्रीझरमध्ये ठेवा. वास थोडा कमी होतो, पण टिकतो. भात उतरवला की त्याचा एक चमचा टाकायचा आणि लगेच झाकण ठेवायचं.