दुसऱ्या वर्षात निकाल लावू नकोस

प्रिय मुला,

तू लिहिलंस, 'मावशी, स्किझोफ्रेनिया होऊन दोन वर्षं झाली. अजून मी पूर्वीचा झालो नाही. म्हणजे आता हे असंच का?' उत्तर लिहायला मी चार दिवस घेतले. हाच प्रश्न मी तुझ्या वयाची असताना विचारला होता, आणि मिळालेल्या उत्तराने माझी कितीतरी वर्षं खाल्ली. एका डॉक्टरांनी माझ्यासमोरच आईला सांगितलं होतं, 'हिच्याकडून आता फार अपेक्षा ठेवू नका.' तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. आज त्रेपन्न आहे. नोकरी करते, एकटी राहते, रोज रात्री गोळ्या घेते, आणि दुसऱ्या कुणालाच ऐकू न येणारे आवाज मला अधूनमधून अजूनही येतात. त्या डॉक्टरांचं निदान बरोबर होतं. माझा राग आहे तो दुसऱ्याच वर्षी निकाल सांगून टाकल्याबद्दल.

म्हणून सगळ्यात आधी हे सांगते: बहुतेकांच्या बाबतीत सुरुवातीची चार-पाच वर्षंच सगळ्यात खडतर असतात, आणि तू आत्ता त्यांच्या मधोमध आहेस. इथून जे दिसतं त्यावरून पुढच्या चाळीस वर्षांचा अंदाज बांधू नकोस.

हे मी तुला नुसता धीर द्यायला म्हणत नाही. 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द मनोविकारतज्ज्ञ यूजेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली पहिल्यांदा वापरला. त्याआधी एमिल क्रेपेलिन यांनी रूढ केलेल्या नावाचा अर्थच 'अकाली येणारा बुद्धिभ्रंश' असा होता. नावातच शेवट ठरवून टाकलेला. यूजेन यांचा मुलगा मानफ्रेड ब्लॉयलर, तोही मनोविकारतज्ज्ञ. त्यांनी २०८ रुग्णांवर वीस वर्षांहून अधिक काळ लक्ष ठेवलं आणि १९७२ साली लिहिलं, की सरासरी पाच वर्षांनंतर हा आजार माणसाला आणखी खाली ओढत नाही, उलट पुढे सुधारणेकडेच कल दिसतो. पुढे अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात कोर्टनी हार्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा माणसांना शोधून काढलं, जी कधीकाळी रुग्णालयाच्या मागच्या वॉर्डांत वर्षानुवर्षं पडून होती. त्यांना बाहेर पाठवताना राहायला जागा, करायला काम आणि पाठीशी माणसं देण्यात आली होती. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी त्यांच्यातले निम्म्याहून अधिक जण बरे झालेले किंवा पुष्कळ सुधारलेले निघाले. हे १९८७ साली छापून आलं. मला ते कळायला आणखी कितीतरी वर्षं जावी लागली.

मग इतकी निराशा कुठून येते? मला एक कारण पटतं. जो सुधारतो तो दवाखान्यात कमी दिसतो. डॉक्टरांच्या समोर रोज येतात ते पुन्हा पुन्हा बिघडणारे. म्हणून आजार आहे त्याहून काळा दिसतो, डॉक्टरांना आणि त्यांच्याकडून घरच्यांनाही.

आता गोळ्या. तू विचारलंस, 'बरं वाटतंय, तर बंद करू का?' मी तीनदा बंद केल्या. तिन्ही वेळा बरं वाटत असतानाच. या आजाराची खरी फसवणूक इथेच आहे. गोळी सोडली की दुसऱ्या दिवशी काहीच होत नाही. उलट डोकं हलकं होतं, झोपाळूपणा जातो, आपण जिंकलो असं वाटतं. माझ्या वाट्याला असे दोन-तीन महिने आले. त्यानंतर शेजारच्या खोलीत माझ्याबद्दल बोलणं सुरू झालं, आणि ते खरं नाही हे सांगायला माझ्या आत कुणी उरलं नव्हतं. सुटलेली गोळी आणि परतलेला आजार यांच्यात इतकं अंतर असतं, की दोघांचा संबंध आपल्याला लागतच नाही. आणि दर वेळी वर यायला आधीपेक्षा जास्त काळ लागला.

२०१२ साली या औषधांच्या ६५ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले गेले. साधारण वर्षभरात, औषध चालू असलेल्यांपैकी २७ टक्क्यांचा आजार उलटला आणि नकली गोळी मिळालेल्यांपैकी ६४ टक्क्यांचा. तू हुशार आहेस, लगेच म्हणशील की म्हणजे गोळीविना छत्तीस टक्के नीट राहिलेच की. राहिले, त्या वर्षापुरते तरी. पण आपण त्या छत्तीसांत आहोत का, हे आधी सांगायचं साधन आज कुणाकडेही नाही. डोस कमी करायची इच्छा असणं हा गुन्हा नाही. ती इच्छा डॉक्टरांसमोर मांड. कमी करायचाच तर तो महिनोन्‌महिने, बारीक बारीक पायऱ्यांनी, आणि आयुष्यात दुसरी उलथापालथ चालू नसताना करायचा असतो. गुपचूप आणि एकदम, हे दोन शब्द मात्र कायमचे काढून टाक.

गोळ्यांचा त्रास सोसत बसणं म्हणजे शहाणपण नाही. तू लिहिलंयस की पाय एका जागी ठरत नाहीत, बसलं की उठावंसं वाटतं, आतून कुणी ढवळतंय असं होतं. ती तुझी 'घालमेल' नाही, तो औषधाचा ओळखीचा दुष्परिणाम आहे, त्याला अकॅथिसिया म्हणतात आणि त्यावर उपाय आहेत. या आठवड्यातच डॉक्टरांना सांग. पुष्कळ मुलं एवढ्याच एका त्रासापायी औषध सोडतात, आणि त्यांना कुणी हे नावसुद्धा सांगितलेलं नसतं. वजन, कमरेचा घेर, रक्तातली साखर आणि चरबी ठरावीक काळाने तपासून घे. आपल्यासारख्यांचं आयुष्य सरासरी कमी भरतं, आणि त्यात आवाजांपेक्षा हृदयविकाराचा वाटा मोठा आहे. सिगारेट सोडणार असशील तर जरूर सोड, पण आधी डॉक्टरांना कळव. धुरामुळे ओलान्झापिन आणि क्लोझापिन ही आपल्या आजारावरची औषधं शरीरातून लवकर बाहेर पडतात. धूर थांबला की तोच डोस अंगावर जड होऊ शकतो. गांजाबद्दल एकच सांगते: नको. मित्रांना सोसतो म्हणून तुला सोसेल असं नाही.

आता ज्या गोष्टीने तुला सगळ्यात जास्त टोचलंय तिच्याकडे येते. घरात तुला आळशी म्हणतात. आवाज थांबले, संशय गेला, मग अंघोळीलाही उठवत का नाही, असं विचारतात. मुला, हा आजाराचाच दुसरा चेहरा आहे. पहिला सगळ्यांना दिसतो, कारण तो ओरडतो. हा गप्प असतो. इच्छाच उगवत नाही, बोलायला शब्द सुचत नाहीत, चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत, वाचलेलं पान लक्षात राहत नाही. औषधं पहिल्या चेहऱ्यावर चांगली चालतात, या दुसऱ्यावर फारशी नाही. माझी नोकरी दोनदा गेली ती आवाजांमुळे नाही, या मरगळीमुळे. मात्र अशीच मरगळ नैराश्यानेही येते आणि जड डोसानेही, आणि त्या दोन्हींवर इलाज होऊ शकतो. म्हणून 'आपलं असंच' म्हणून गप्प बसू नकोस, नेमकं काय होतं ते डॉक्टरांना तपशिलाने सांग.

मी स्वतः काय केलं ते सांगते. मन होण्याची वाट पाहणं सोडलं. रोज एकच काम, एकाच वेळी, मन असो वा नसो. सुरुवातीचे आठ महिने ते काम म्हणजे सकाळी आठला दाराबाहेर पडून दहा मिनिटं चालणं, इतकंच होतं. तुझ्या जुन्या वर्गमित्रांशी तुलना मनात येईल, येऊ दे, पण मोजमाप मागच्या वर्षीच्या तुझ्याशीच कर. मागच्या वर्षी तू मला दोन ओळी लिहू शकत नव्हतास. या वेळी चार पानं आली आहेत.

आवाजांचं म्हणशील, तर त्यांच्याशी वाद घालून मी एकदाही जिंकले नाही. उपयोगी पडलं ते हे: गुणगुणणं, मोठ्याने वाचणं, कुणाशी तरी बोलत राहणं. आवाज येत असताना मेंदूतला बोलण्याचा भाग जागा होतो, असं काही तपासण्यांत दिसलं आहे. कदाचित म्हणूनच तोंड कामात असलं की ते मंदावत असतील. सगळ्यांना हे लागू पडतंच असं नाही, पण करून बघ. पुढे मी त्यांना वेळही नेमून दिली, संध्याकाळी पंधरा मिनिटं. बाकी दिवसभर, 'आत्ता नाही.'

एक गोष्ट मात्र ठाम सांगते. आवाज तुला किंवा दुसऱ्या कुणाला इजा करायला सांगू लागले, किंवा आवाजांशिवायच जगणं नको वाटू लागलं, तर त्याच तासाला कुणाला तरी सांगायचं. घरच्यांना, डॉक्टरांना, मला, कोणत्याही वेळी. हा धोका सुरुवातीच्या वर्षांत, आणि रुग्णालयातून घरी आल्यानंतरच्या आठवड्यांत सगळ्यात जास्त असतो. आपल्याला काय झालंय हे लख्ख कळू लागतं तेव्हाही. मी त्या काठावर गेलेली आहे. बहिणीला रात्री दोन वाजता उठवलं म्हणून आज हे पत्र लिहितेय.

आईबद्दल तू रागाने लिहिलंस. तिच्यामुळे हा आजार झालेला नाही, हे तिला एकदा स्पष्ट सांग. ते ओझं ती नक्की वाहत असेल. पण घरातली सततची टोचणी आणि अति काळजी यांनी आजार लवकर उलटतो, हे संशोधकांनी पन्नास-साठ वर्षांपूर्वीच दाखवलं आहे, तेव्हा तुझी तक्रारही खोटी नाही. माझ्या आईशी मी करार केला होता: एका वेळी एकच गोष्ट सांगायची, हळू आवाजात, आणि 'गोळी घेतलीस का' हे दिवसातून एकदाच विचारायचं. तिला ते जमायला वर्ष लागलं. आपल्याकडे काही आधारगटांत रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. ते शब्द मला आवडतात, कारण त्यांत दोघांचंही शुभ आहे. शुभंकरही थकतो. तिलाही तिच्यासारख्याच आयांशी बोलायला मिळायला हवं.

शेवटचं एक काम, आणि ते तू बरा असतानाच करण्यासारखं आहे. आजार उलटतो तो एका रात्रीत नाही, आधी काही दिवस किंवा आठवडे तो खुणा देतो. माझ्या खुणा अशा: सलग दोन रात्री झोप तीन तासांवर येते, फोन उचलावासा वाटत नाही, रंगांना अर्थ येऊ लागतात, आणि मी पडदे ओढून घेते. हे सगळं मी एका कागदावर लिहून ठेवलं आहे. खाली लिहिलंय की असं दिसलं तर कुणी कुणाला फोन करायचा, कोणतं औषध मला चालत नाही, आणि तेव्हा मी 'मी ठीक आहे' म्हणाले तरी ऐकायचं नाही. त्यावर माझी सही आहे. एक प्रत बहिणीकडे, एक डॉक्टरांकडे. गेल्या अकरा वर्षांत तो कागद चार वेळा बाहेर काढावा लागला, आणि चारही वेळा रुग्णालयाची पायरी चढावी लागली नाही.

तुझा कागद तुझ्या आईला सोबत घेऊन लिही. काही खुणा तुझ्याआधी तिलाच दिसल्या असतील. पहिली ओळ काय लिहिलीस ते मला कळव.

तुझी,
मावशी