बाक धरून उठावं लागतं

प्रश्न : ताई, मी एकोणपन्नास वर्षांची, घोरपडीत राहते, शाळेत शिकवते. दोन वर्षांत नऊ किलो वजन वाढलंय. पाळी कधी दोन महिन्यांनी, कधी पंधरा दिवसांत. रविवारी उपासनेत गुडघे टेकले की उठताना पुढचा बाक धरावा लागतो. सोसायटीत सकाळी योगवर्ग असतो, पण तो ओंकाराने सुरू होतो, म्हणून महिला मंडळातल्या जणी जाऊ नको म्हणतात. एक मावशी म्हणाल्या, "शरीर मातीचं, मातीत जायचं. तू आत्म्याकडे बघ." घरी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई आहेत. स्वतःसाठी अर्धा तास काढला तरी चोरी केल्यासारखं वाटतं. ख्रिस्ती बाईनं व्यायामाकडे कसं बघावं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पानाच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलेली ओळसुद्धा वाचली. तिच्याकडे नंतर येते.

आधी मावशींचं बोलणं. पौल तीमथ्याला लिहितो की शारीरिक कसरत थोडीफार उपयोगी आहे, सुभक्ती मात्र सगळ्या बाबतींत. मावशी या वाक्याचा दुसरा भाग धरून बसल्या असाव्यात. पण पौलानं कसरत टाकाऊ म्हटलेली नाही, तिची जागा दाखवली आहे. दुसरं एक वचन आपल्याकडे व्यायामासाठी सारखं पुढे केलं जातं : तुमचं शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे. खरं सांगायचं तर करिंथकरांना ते व्यभिचाराबद्दल लिहिलंय, पोटाच्या घेराबद्दल नाही. त्यामुळे ते वचन दाखवून कुणी जाड बाईला लाजवू नये. तरी त्याच्या मुळाशी जे आहे ते तुमच्यासाठीही खरं आहे : हे शरीर मोल देऊन विकत घेतलेलं आहे, ते आपल्या एकटीचं नाही.

मला स्वतःला मात्र लूकच्या आठव्या अध्यायातल्या बाया आठवतात. मग्दालीया मरीया, योहान्ना, सुसान्ना आणि इतर पुष्कळ. त्या प्रभूबरोबर गावोगाव फिरत होत्या. पुढे गालीलातून यरुशलेमेपर्यंत आल्या, म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर पायी. पुनरुत्थानाच्या पहाटे कबरेकडे निघाल्या त्या याच. पायांत बळ होतं म्हणून त्या तिथवर पोचल्या, असं मला नेहमी वाटतं. आपल्या पंडिता रमाबाई घ्या. लहानपणापासून आईवडिलांबरोबर तीर्थं हिंडल्या. दोघं गेल्यावर भावाबरोबर पायी देश तुडवत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचल्या, तेव्हा वय होतं वीस. केडगावला मुक्ती मिशनचा एवढा पसारा त्यांनी उभा केला, तो काय नुसत्या खुर्चीत बसून?

आता माझ्या आईचं सांगते. नगर जिल्ह्यात ती बायबल बाई होती, म्हणजे घरोघर जाऊन बायकांना शुभवर्तमान सांगणारी. पिशवीत शुभवर्तमानं घालून रोज दोन-तीन गावं पायी करायची. पंचेचाळीसाव्या वर्षी आम्ही तिला पुण्याला आणलं आणि प्रेमानं बसवून ठेवलं. "आता आराम कर" म्हणणाऱ्यांत मी पहिली होते, आणि मी फिजिओथेरपिस्ट! वीस-बावीस वर्षांत तिच्या मांड्या काडीसारख्या झाल्या. सदुसष्टाव्या वर्षी मोरीत घसरली, खुबा मोडला. त्यानंतर चर्चच्या तीन पायऱ्या तिला कधीच चढता आल्या नाहीत. पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन घरी यायचे. आई रडायची ती दुखण्यानं नाही. "कुणाच्या दारात जाता येत नाही गं" म्हणून रडायची.

म्हणून तुमच्या अर्ध्या तासाला मी चोरी म्हणणार नाही. सासूबाईंना धरून उठवायचं असेल तर तुमच्या मांड्यांत आणि पाठीत जोर हवा. नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायातली गृहिणी आपण लग्नात ऐकतो, तीसुद्धा कंबर कसते, बाहू बळकट करते.

या वयात होतं काय, तर पाळी जायला लागली की अंगातलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक उतरतं आणि हाडं भराभर विरळ होऊ लागतात. स्नायू तर त्याच्या आधीपासूनच झिजत असतात. नुसतं चालून हे भरून निघत नाही, आणि आपल्या बायका इथेच फसतात. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल असं चालणं सांगते आणि त्याबरोबर दोन दिवस ताकदीचा व्यायामही सांगते.

तो घरातच करा. भिंतीला टेकवलेली, हात नसलेली लाकडी खुर्ची घ्या. हात छातीवर, पाय जमिनीवर घट्ट, आणि न धरता उठा. तीन मोजत सावकाश बसा. धपकन बसलात तर अर्धा व्यायाम वाया गेला. दहा वेळा, थोडं थांबून परत दहा. बाक सुटणार आहे तो यानंच. दूध तापेपर्यंत ओट्याला बोटं लावून टाचा वर-खाली करा. त्याच ओट्यावर तळहात टेकवून, अंग तिरपं करून दंड काढा. पाण्यानं भरलेल्या लिटरच्या बाटल्या खांद्यापर्यंत उचला. टेकड्या आणि पायऱ्या सध्या नकोत, गुडघा आधी सपाटीवर तयार होऊ दे. एम्प्रेस गार्डन तुम्हाला जवळ आहे. चालताना स्तोत्र १२० ते १३४ यांतलं एकेक म्हणा. यात्रेकरू यरुशलेमेची चढण चढताना म्हणत, अशीच ती गीतं आहेत.

योगवर्गाचं म्हणाल तर मंडळीत यावर दोन मतं आहेत. पौलानं मूर्तीच्या नैवेद्याबद्दल जे सांगितलं तेच मी इथे धरते : आपला विवेक काय सांगतो ते बघा, आणि दुसरीच्या विवेकाला ठेच लावू नका. मी असते तर शिकवणाऱ्या बाईंशी नीट बोलले असते, की सुरुवातीची प्रार्थना संपली की मी येईन. बहुतेक जणी आनंदानं हो म्हणतात. तरीही मन खात असेल तर जाऊ नका. पण मग त्या वेळेला खुर्ची काढा, अंथरुणात राहू नका.

आता ती बारीक अक्षरातली ओळ. खोकताना, शिंकताना लघवीचे थेंब सुटतात. हे छापते आहे, कारण वाचणाऱ्या कितीतरी जणींचं हेच आहे आणि कुणी बोलत नाही. यात लाजण्यासारखं काही नाही. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो ते आवळा, पाच मोजा, पूर्ण सैल सोडा. दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र हे करू नका. श्वास रोखायचा नाही, पोट आवळायचं नाही. फरक पडला नाही तर फिजिओथेरपिस्टला दाखवा.

सुरू करण्याआधी रक्तदाब, साखर आणि थायरॉइड तपासून घ्या. पंधरा दिवसांत येणारी पाळी "वयच झालं" म्हणून सोडू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाच. चालताना छातीत दडपण आलं तर तिथेच थांबा आणि लगेच डॉक्टर गाठा.

आणि सासूबाईंनाही रोज खुर्चीतून उठायला लावा. त्यांना हाताची खुर्ची द्या, जवळ उभ्या राहा. पहिल्या दिवशी दोघी किती वेळा उठलात ते कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी मला कळवा.