रबरी सडांची कास

प्रश्न : माझ्या नातीला यंदा कृषी पदविकेला प्रवेश मिळाला. तिनं कुठंतरी वाचलं की दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये शहरातल्या मुलींनी शेती सांभाळली. लढाई संपल्यावर त्या सगळ्या घरी गेल्या का? आणि गाय कधी न पाहिलेल्या मुली हे काम शिकल्या तरी कुठं?
– एक आजी, तासगाव

उत्तर : ताई, नातीचं मनापासून अभिनंदन. मी तीस वर्षं पशुसंवर्धन शिकवलं, त्यामुळे तुमचा दुसरा प्रश्न मला आधी घ्यावासा वाटतो.

या मुलींच्या संघटनेचं नाव विमेन्स लँड आर्मी. पहिल्या महायुद्धातली ही संघटना १९३९ च्या जूनमध्ये पुन्हा उभी राहिली आणि १९४३ मध्ये तिच्यात ८० हजारांवर मुली होत्या. कुणी केस कापणारी, कुणी दुकानात माल विकणारी, कुणी टायपिस्ट. काहींना चार आठवड्यांचं शिक्षण मिळालं, कित्येकींना तेवढंही नाही. त्या थेट शेतावर गेल्या.

धारा काढायला शिकवण्यासाठी केलेली एक युक्ती मला फार आवडते. लाकडी चौकटीला पिशवी टांगायची, तिला खाली रबरी सड लावायचे आणि आत पाणी भरायचं. मुलींनी स्टुलावर बसून त्या खोट्या कासेतून बादलीत धार सोडायची. बोटांना वळण लागायला हे चांगलंच. पण पिशवी लाथ मारत नाही, शेपटी तोंडावर फिरवत नाही आणि पान्हा चोरत नाही. माझ्या वर्गातल्या मुलींचंही हेच व्हायचं : फळ्यावर सगळं समजायचं आणि गोठ्यात पहिल्या दिवशी मनगटं भरून यायची. युद्धाच्या उत्तरार्धात लँड आर्मीनं परीक्षा सुरू केल्या. धारा, ट्रॅक्टर, कोंबड्या, शेतकाम, उंदीर मारणं, अशा एकेका कामाची परीक्षा. उत्तीर्ण झालेल्या मुलीला बिल्ला मिळे. कामगार म्हणून आलेल्या मुलीला ‘तुला हे येतं’ असं कुणीतरी लेखी म्हणतंय, याची किंमत मी जाणते.

आता पहिला प्रश्न. लगेच घरी गेल्या नाहीत. लढाई १९४५ मध्ये संपली, पण अन्नाची टंचाई संपली नाही. युद्धात पावावर रेशन नव्हतं, ते जुलै १९४६ मध्ये लागलं आणि दोन वर्षं राहिलं. १९४७ चा हिवाळा तर असा कडक, की गोठलेल्या जमिनीतून भाजी निघेना. मुली हव्याच होत्या. लँड आर्मी बंद झाली ती ३० नोव्हेंबर १९५० ला.

मात्र त्यांच्यावर झालेला अन्याय सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. सैन्यातून सुटणाऱ्यांना सरकारनं निवृत्तीचा मोबदला दिला, नवं आयुष्य सुरू करायला मदत दिली. लँड आर्मीला त्यातून वगळलं. संघटनेच्या प्रमुख लेडी डेनमन यांनी स्वतःचं ससेक्समधलं घर, बालकम प्लेस, मुख्यालयासाठी दिलं होतं. त्यांनी फेब्रुवारी १९४५ मध्ये याच कारणावरून राजीनामा दिला. पुढे थोडी सवलत मिळाली. गणवेशाचा ओव्हरकोट मुलींनी ठेवावा, पण तो निळा रंगवून! पाच-सहा वर्षं पहाटे चारला उठून गाईंखाली बसलेल्या मुलीला सरकारनं एवढं द्यावं, हे वाचून मला आजही राग येतो. युद्धातल्या सेवेबद्दलचा सरकारी बिल्ला मिळाला तो थेट २००८ मध्ये. तोवर कितीतरी जणी गेल्या होत्या.

ज्यांना शेतीतच राहायचं होतं त्यांच्यासाठी मुलींची खास विद्यालयं आधीपासून होती. वॉरिकशरमधलं स्टडली कॉलेज १९६९ पर्यंत चाललं. केंटमधल्या स्वॉनली कॉलेजवर युद्धात बॉम्ब पडला आणि १९४५ मध्ये ते वाय कॉलेजात विलीन झालं. माझं लाडकं मात्र ऑक्सफर्डजवळचं वॉटरपेरी. बिअॅट्रिक्स हॅवरगल या बाईंनी १९३२ मध्ये मुलींना तिथं बागकाम शिकवायला सुरुवात केली. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, आणि कुदळ-फावडं रोजचं. त्यांच्या ‘रॉयल सॉव्हरिन’ जातीच्या स्ट्रॉबेऱ्यांना लंडनच्या चेल्सी फ्लॉवर शो या बागकाम-प्रदर्शनात सुवर्णपदकं मिळायची. युद्धात तिथं लँड आर्मीच्या मुलीही शिकल्या. तिथल्याच विद्यार्थिनी मेरी स्पिलर पुढे तिथं शिकवू लागल्या आणि बीबीसीच्या बागकामाच्या कार्यक्रमाच्या पहिल्या महिला निवेदक झाल्या. शाळा १९७१ मध्ये बंद झाली, बाग आहे. मुलाकडे गेले होते तेव्हा मी ती पाहून आले. हॅवरगलबाईंनी आखलेला फुलझाडांचा लांबलचक ताटवा विटांच्या भिंतीच्या कडेनं अजून फुलतो. माझं काम जनावरांचं, तरी त्या ताटव्यापाशी मी अर्धा तास उभी होते.

नातीला माझ्याकडून एवढं सांगा : गोठ्यात पहिल्या दिवशी अंगठा मुडपून धार काढू नकोस. वेग येतो, पण सडाला इजा होते. अख्ख्या मुठीनं काढ, आणि आधी कास कोमट पाण्यानं धुऊन कोरडी करून घे.