कॅपॅसिटरला व्होल्टेज कळत नाही

पावसाळ्यात विजेची ये-जा सुरू झाली की या सदराकडे एकच तक्रार वाढते: "सर्किट सुरू होतं, पण दर वेळी होत नाही." त्यातली चार पत्रं आज घेतो. चिप वेगवेगळ्या आहेत, दुखणं मात्र चौघांचं रिसेटचंच आहे, म्हणजे सुरू होताना चिपला पहिल्या पायरीवर आणणाऱ्या इशाऱ्याचं.

प्रश्न: प्रोजेक्टसाठी ८०५१ घराण्यातला एटी८९एस५२ मायक्रोकंट्रोलर वापरलाय. रिसेटला नेहमीचे १० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर आणि १० किलोओहमचा रेझिस्टर आहेत. सकाळी पहिल्यांदा नीट चालतो. बंद करून पुन्हा लावला की डिस्प्लेवर कचरा येतो. तपकीर गल्लीतून नवा कॅपॅसिटर आणून बदलला, फरक नाही. (विद्यार्थिनी, शिवाजीनगर)

कॅपॅसिटरचा दोष नाही. बोर्ड बंद करून चिपच्या सप्लाय पिनवर मीटर लावा. बहुधा शून्याऐवजी दीड-दोन व्होल्ट रेंगाळत असतील.

या चिपचा रिसेट 'हाय'वर चालतो. पिन हाय ठरायला सप्लायच्या ०.७ पट, म्हणजे ५ व्होल्टच्या सप्लायला ३.५ व्होल्ट लागतात. सप्लाय शून्यावरून ५ वर गेला तर कॅपॅसिटर ती सगळी उडी पिनवर पोचवतो. तो आधीच २ वर लटकलेला असेल तर उडी ३ व्होल्टचीच होते. रिसेट होतच नाही, आणि २ व्होल्टवर रॅममध्ये जे विस्कटलं त्यावरच चिप पुढे धावू लागते.

हे २ व्होल्ट येतात कुठून? एक तर मोठ्या फिल्टर कॅपॅसिटरमधून, ज्याला रिकामं करायला लोडच नाही. त्याला समांतर १ किलोओहम लावा. नाही तर लॅपटॉपला जोडलेल्या यूएसबी-सिरियल मोड्यूलमधून. बोर्ड बंद असला तरी त्याची तार डेटा पिनमधून आत वीज सोडत राहते. या दुसऱ्या कारणापायी माझ्या दोन रात्री गेल्या आहेत, म्हणून आधी ती केबल काढून पाहा.

प्रश्न: नारायणगावजवळ द्राक्षबागेत ओलावा मोजणारं सोलर युनिट बसवलंय, ३.३ व्होल्टचं. रात्री बॅटरी पूर्ण उतरली तर सकाळी ऊन येऊनही ते उठत नाही, बटण दाबावं लागतं. रिसेटचा कॅपॅसिटर १०० मायक्रोफॅरडचा करू का?

नको. १० किलोओहमबरोबर त्याची उसंत साधारण एका सेकंदाची. तुमचा सप्लाय मात्र सूर्योदयाला कित्येक मिनिटं घेत चढतो. इतक्या सावकाश चढाईत कॅपॅसिटर सप्लायचं बोट धरूनच वर येतो. दोघांत फरकच उरला नाही तर चिपला रिसेट दिसणार कुठून? कॅपॅसिटरला वेळ कळते, व्होल्टेज कळत नाही. तो आणखी मोठा केलात तरी त्याचा स्वभाव तोच.

तिथे तीन पायांचा सुपरवायझर आयसी लावा, म्हणजे सप्लाय पुरेसा होईपर्यंत रिसेट लाइन खाली (लो) धरून चिपला थोपवणारा, उदाहरणार्थ मॅक्स८०९. व्होल्टेज उंबरठ्याच्या वर गेल्यावरही तो किमान १४० मिलिसेकंद रिसेट धरून ठेवतो. खरेदी करताना नावापुढचं अक्षर पाहून घ्या, उंबरठा त्यावरून कळतो: टी म्हणजे ३.०८ व्होल्ट, एस २.९३, आर २.६३. तुमच्या चिपला किमान २.७ लागत असतील तर आर निरुपयोगी, कारण चिप आधी भरकटेल आणि रिसेट नंतर येईल. टी फार जवळचा: रेग्युलेटर पाच टक्के खाली, ३.१३५ वर असला तर विनाकारण रिसेट बसू शकतो. मी एस घेईन.

आणखी एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. युनिट उठलं, रेडिओ सुरू झाला, अशक्त बॅटरी खाली बसली, पुन्हा रिसेट. हे चक्र दुपारपर्यंत चालू शकतं. सुपरवायझर रिसेट लावतो आणि सोडतो त्या दोन व्होल्टेजमधला फरक त्यासाठी फार थोडा असतो. एका लिथियम-आयन सेलवर ३.६ व्होल्टला लोड जोडणारं आणि ३.२ ला तोडणारं वेगळं सर्किट आधी हवं.

प्रश्न: भोसरीतल्या आमच्या कारखान्यात १.२ व्होल्टच्या लॉजिकचा बोर्ड बनतो, रिसेट पिनही त्याच सप्लायची. सुपरवायझर असूनही एखादा बोर्ड सुरुवातीलाच अडकतो. डीएसओवर (डिजिटल ऑसिलोस्कोपवर) रिसेट लाइनवर ०.७ व्होल्टचा उंचवटा दिसतो. तो दुर्लक्षित करावा का?

मुळीच नाही, दोषी तोच आहे. लाइन खाली ओढणारा ट्रान्झिस्टर सुपरवायझरच्या आत आहे, आणि त्यालाही जागं व्हायला गेटवर व्होल्टेज लागतं. मॅक्स८०९सारख्या भागाची हमी १ व्होल्टपासून पुढची. त्याखाली लाइनला कुणी धरलेलंच नसतं. पुल-अप (लाइनला सप्लायशी जोडणारा रेझिस्टर) तिला सप्लायबरोबर वर नेतो. ५ व्होल्टच्या जमान्यात ०.७ म्हणजे निःसंशय लो होता. आता हाय ठरायला १.२ व्होल्टच्या ०.७ पट, म्हणजे ०.८४ पुरतात, तेव्हा तुमचा उंचवटा अगदी दारात उभा आहे.

सुपरवायझरचं आउटपुट पुश-पुल (लाइन वर आणि खाली दोन्हीकडे स्वतः ओढणारं) असेल तर लाइनवरून ग्राउंडला १०० किलोओहम लावून तपासा, एवढ्यावरही भागू शकतं. ओपन-ड्रेन (फक्त खाली ओढणारं) असेल तर पुल-अप १० ऐवजी १०० किलोओहमचा केल्यास उंचवटा खाली येईल, पण बोर्डावरच्या लांब ट्रेसवर मोटारचा विद्युत गोंगाट (नॉइज) घुसेल. खरा इलाज वेगळा आहे. सुपरवायझरला ३.३ व्होल्टवर चालवा, १.२ वर फक्त त्याच्या सेन्स पिनने नजर ठेवा, आणि ओपन-ड्रेन आउटपुट १.२ ला पुल-अप करा. १.२ चा रेग्युलेटर ३.३ स्थिर झाल्यावरच एनेबल करा. मग १.२ चढू लागेल तेव्हा ट्रान्झिस्टर आधीच जागा असेल.

प्रश्न: सिंहगड रोडवर घरच्या टाकीचा पंप कंट्रोलर केलाय: एटीमेगा३२८पी, १६ मेगाहर्ट्झ, ५ व्होल्ट. लाइट गेली की ईईप्रॉममधली (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीतली) सेटिंग बिघडतात.

ब्राउन-आउट फ्यूज (सप्लाय ठरलेल्या पातळीखाली गेला की चिपला रिसेटमध्ये ठेवणारी तिची आतली सेटिंग) ४.३ व्होल्टवर ठेवा. २.७ पुरत नाही. १६ मेगाहर्ट्झला जवळजवळ ३.८ व्होल्ट लागतात. त्याखाली चिप चुकीची आज्ञा वाचून ईईप्रॉमवर काहीही लिहू शकते. सुरू झालेलं लिखाण पुरं व्हायला सुमारे ३.४ मिलिसेकंद लागतात. २० मिलिअँपिअरच्या बोर्डाला २२० मायक्रोफॅरड तेवढा वेळ सहज तगवतो. मात्र रिलेची कॉइल त्यावर नको: सप्लाय आणि हा कॅपॅसिटर यांच्यामध्ये डायोड ठेवा आणि कॉइल त्याच्या अलीकडच्या, सप्लायच्या बाजूने घ्या.

आणि तपासताना नुसतं स्विच खालीवर करू नका. व्हेरिएबल सप्लाय मिनिटभरात शून्यावरून ५ वर न्या, तसाच उतरवा, १, २ आणि ३ व्होल्टवर थोडं थांबून पुन्हा वर न्या. दर वेळी सेटिंग वाचून पाहा.