बंदुका, लढायांचा इतिहास आणि आपत्तीची तयारी: बेळगावात राहून या नादाची सुरुवात कुठून करावी?

प्रश्नकर्त्यांनी सोबत आपली माहिती आणि घ्यायच्या सामानाची यादीही दिली आहे. बेळगावात नोकरी, लहानपणापासून बंदुकांचा आणि लष्करी इतिहासाचा नाद, 2019 चा पूर बघितल्यापासून घर सज्ज ठेवायचं मनात. यादीत पहिली बंदूक, दुसरी ‘टॅक्टिकल’ बॅग, आणि पाणी सहाव्या नंबरला. ही यादी अमेरिकन व्हिडिओ बघून केलेली दिसते, त्याबद्दल तक्रार नाही. मी पण बघतो ते व्हिडिओ, जेवताना.

मी निपाणी तालुक्यातला, वेदगंगेच्या काठचा. थोरले चुलते मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झाले, मामाचं गाव खानापूरच्या जंगलाला लागून. त्यामुळे तुमचे तिन्ही विषय आमच्या घरात जेवायला बसलेले असायचे. माझं म्हणणं एवढंच की यादी खालून वर वाचा. इतिहास मात्र सोडू नका, कारण यादी उलटी का करायची ते इतिहासच सांगतो.

आधी परवान्याचं उरकतो. शस्त्र कायदा 1959 चा, नियम 2016 चे. वय एकवीस पूर्ण पाहिजे. अर्ज डीसी (म्हणजे जिल्हाधिकारी) ऑफिसात किंवा पोलीस आयुक्तालयात, घर कुठल्या हद्दीत येतं त्यावर. मग पोलीस चौकशी. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, आधी तीन चालायच्या. परवाना आता पाच वर्षांचा असतो. पण परवाना हा हक्क नव्हे. कारण पटलं तरच मिळतो, आणि कारणाच्या रकान्यात ‘पूर आला तर’ असं लिहिलंत तर कारकून चष्मा वर करून बघेल. कर्नाटकातच कोडगू (कूर्ग) जिल्ह्यात कोडव समाजाला आणि जम्मा म्हणजे तिथल्या जुन्या वंशपरंपरागत जमिनी असलेल्यांना परवान्यातून सूट आहे, ती 2029 पर्यंत वाढवलेली आहे. ते वाचून आपल्याकडेही काही जण ‘कर्नाटकात चालतं’ म्हणून सांगत फिरतात. कोडगूत चालतं, आपल्याकडे नाही. आणि कुणी ओळखीचा माणूस बिनपरवान्याचं ‘सामान’ आणून देतो म्हणाला, तर त्या माणसाबरोबर चहासुद्धा घेऊ नका.

एअरगनचं वेगळं आहे. नळीचं भोक 0.177 इंची आणि छर्ऱ्याचा जोर 20 ज्यूलच्या आत असेल तर परवाना लागत नाही. मात्र ती घेऊन पोपट-बगळ्यांमागे लागलात तर वन्यजीव कायदा आहेच. माळ्यावर पणजोबांची तोड्याची बंदूक सापडली तर? दुरुस्त करूनही उडणार नाही अशा पुराण्या हत्याराला कायद्यात सूट आहे, पण ते उडणार नाही हे तुम्ही-आम्ही ठरवायचं नाही. ठाण्यात कळवा आणि लेखी घ्या.

आता खरी बंदूक घरात असणं म्हणजे काय ते सांगतो. मामांकडे पीक राखायच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. नळीच्या तोंडातून दारू, त्यावर बोळा, गजाने ठासायचं, मग छर्रे, परत बोळा, शेवटी टोपी बसवायची. एवढं होईपर्यंत रानडुकरांचा कळप भाताचं खाचर लोळवून पलीकडच्या बांधावर पोचलेला असायचा. मामा ती बहुतेक वेळा आवाजासाठीच उडवायचे, आणि ऐन पावसाळ्यात तर आवाजाचीही खात्री नसायची, दारू सर्दावली की नुसतं फुस्स. दुसऱ्या दिवशी गरम पाण्याने नळी धुवायची, चिंधी आत-बाहेर करायची, तेलाचा हात द्यायचा. हे काम चुकलं की गंज धरलाच. गवा दिसला तर बंदुकीला हात लावायचा नाही, कायद्यानेही नाही आणि अकलेनेही नाही. निवडणूक जाहीर झाली की बंदूक पोत्यात गुंडाळून ठाण्यात जमा करायची, नंबर जुळवून पावती घ्यायची, निकाल लागल्यावर परत रांग. डुकरांना आचारसंहिता कुठली, असं मामी म्हणायच्या. शेवटी मामांनी परवाना नूतनीकरणाला घातलाच नाही आणि शेताला झटक्याची तार ओढली.

नेम धरण्यातला आनंद हवा असेल तर तो हत्यार घरात न ठेवताही मिळतो. कॉलेजात असाल तर एनसीसीत .22 रायफल हातात येते. नाहीतर एअर रायफलची रेंज शोधा. 10 मीटरवर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तिथे उभं राहिलं की छातीतला ठोका सुद्धा आडवा येतो हे समजतं. आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्याने काय माणसं दिली बघा. तेजस्विनी सावंत 2010 ला म्युनिकमध्ये जगज्जेती झाली, राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 ला पॅरिसमधून ब्राँझ आणलं. निपाणीहून राधानगरी काही लांब नाही.

आता इतिहास. बेळगावात बसून लष्करी इतिहासाचा नाद करायचा म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीपासूनच सुरुवात. तिची पहिली बटालियन, जंगी पलटण, 1768 ची, आणि रेजिमेंटचं सेंटर 1922 पासून बेळगावात. याच रेजिमेंटच्या यशवंत घाडगेंची गोष्ट इथे पोराबाळांना पाठ असते. 10 जुलै 1944, इटलीतलं टायबरचं खोरं, सगळी तुकडी पडलेली, गडी एकटा मशीनगनवर चालून गेला, टॉमीगनची मॅगझिन संपली तेव्हा नळीला धरून तीच फिरवली. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक, मिळाला. ऐकताना अंगावर काटा येतो, आलाच पाहिजे.

पण तुम्हाला आपत्तीची तयारी शिकायची असेल तर घाडगेंच्या आधी कुत-अल-अमारा वाचा. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, 7 डिसेंबर 1915 पासून 29 एप्रिल 1916 पर्यंत तुर्कांनी इंग्रजांच्या जनरल टाउनशेंडची सहावी पुणे डिव्हिजन कोंडून धरली होती. त्यात 103, 110 आणि 117 या तीन मराठा पलटणी होत्या. वेढा पडला तेव्हा अन्नाची मोजदाद धड झाली नाही, रेशन उशिरा कापलं. पुढे घोडे कापायची वेळ आली. आपल्या शिपायांपैकी बऱ्याच जणांनी घोड्याचं मांस कितीतरी आठवडे तोंडाला लावलं नाही, भाजीपाला तर नव्हताच, त्यामुळे हिरड्या सुजून रक्त येणारा स्कर्व्ही हिंदी पलटणींत जास्त पसरला. शेवटी शेवटी विमानांतून पिठाची पोती टाकून बघितली. युद्धाच्या इतिहासात अशी रसद पोचवायचा तो पहिलाच मोठा प्रयत्न, पण एवढ्या तोंडांना तो कुठे पुरणार! ‘जुलनार’ नावाची आगबोट 270 टन सामान घेऊन रात्री निघाली, तीही वाटेत तुर्कांच्या हाती लागली. शरण जायच्या आधी कुतमधल्या फौजेने आपल्याच तोफा फोडल्या आणि दारूगोळा तैग्रिस नदीत टाकला. फेकून द्यायला गोळ्या शिल्लक होत्या, पीठ नव्हतं.

आपल्या जुन्या लोकांना हे पक्कं ठाऊक होतं. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं, कोल्हापूर गादीच्या राज्यातलं, म्हणजे आपल्या दाराशीच लिहिलेलं. त्यात गडावरच्या पाण्याबद्दल सांगितलंय की नुसत्या झऱ्यावर विसंबू नका, खडक फोडून टाकी बांधा, एकावर थांबू नका, आणि गडाचं पाणी जतन करा. दारूखाना वस्तीला लागून नको. आणि मला सगळ्यात आवडतं ते हे की आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने जातीने दारू बाहेर काढून तिला ऊन द्यावं आणि परत मोहोर करून ठेवावी. साठा केला आणि विसरलो, हे तिथे चालत नाही. बेळगाव जिल्ह्यात याची उलटी बाजू सांगणारी गोष्ट आहेच. कित्तूरला 23 ऑक्टोबर 1824 रोजी राणी चन्नम्मांच्या फौजेने कलेक्टर थॅकरेला मारलं, इंग्रज मागे हटले, आणि डिसेंबरात परत आले तेव्हा किल्ला पडला. फितुरांनी तोफांच्या दारूत शेण कालवलं होतं असं लोक सांगतात. खरं-खोटं पुरावेवाले बघतील, पण पहिल्या लढाईत उडालेली दारू दुसऱ्या लढाईत उडेलच असं धरून चालू नये, एवढं त्या गोष्टीतून घ्यायला हरकत नाही.

आमचे चुलते आज्ञापत्र वाचलेले नव्हेत, पण पलटणीतला ‘किट लेआउट’ त्यांच्या अंगात मुरलाय. पावसाळ्यात दर अमावास्येला काळी ट्रंक सोप्यात येते, घोंगडं अंथरलं जातं आणि सगळं सामान ओळीने मांडलं जातं. टॉर्च आणि सेल वेगवेगळे, कारण आत राहिलेले सेल पाझरतात. शिट्टी. नायलॉनची दोरी. घट्ट झाकणाच्या डब्यात काडेपेटी आणि मेणबत्त्या. क्लोरीनच्या गोळ्या, ओआरएस, चुलतींच्या बीपीच्या गोळ्या आणि जुन्या नंबरचा चष्मा. फुटाणे, गूळ, चुरमुरे. प्लॅस्टिकच्या पिशवीत शेताचा उतारा, रेशन कार्ड, आधार, पासबुक. सेलवर चालणारा छोटा रेडिओ, त्यावर सांगली आणि धारवाड लागतं की नाही ते फिरवून बघायचं. तारीख संपत आलेली गोळी त्याच दिवशी वापरात जाते, तिच्या जागी नवी. आम्ही हसायचो. ऑगस्ट 2019 मध्ये महामार्ग बंद पडला, कोल्हापुरात पेट्रोल फक्त मदतीच्या गाड्यांना मिळायला लागलं, तेव्हा हसायचं थांबलो. जुलै 2021 ला तर ट्रंक आम्हीच आधी काढून ठेवली होती.

आता तुमच्या मनातली शंका. गाव रिकामं झालं की चोर येतात, मग बंदूक नको का? भीती खरी आहे, त्या भीतीने माणसं माडीवर अडकून बसलेली मी बघितलीत. पण हिशोब करा. पाणी दारात आलं की तुम्ही जाणार गंजी केंद्रात (इकडे सरकारी निवाऱ्याला असं म्हणतात), म्हणजे शाळेच्या एका खोलीत पंधरा बायका-पोरांबरोबर. तिथे भरलेली बंदूक कुठल्या खिळ्याला अडकवणार? आणि घरात ठेवून गेलात तर चोराला याहून चांगलं काय मिळेल? आमच्याकडे तरुण मंडळाची पोरं कोरड्या बाजूच्या वाटेवर पाळीपाळीने बसतात, अनोळखी गाडी दिसली की नंबर लिहून घेतात. तेवढ्याने भागतं.

सीमाभागातली एक भानगड मात्र कुठल्याच व्हिडिओत सापडणार नाही. आपलं पाणी एका राज्यात पडतं आणि दुसऱ्यात चढतं. दूधगंगेकाठी असाल तर काळम्मावाडीचं धरण, वेदगंगेकाठी असाल तर पाटगावचं, कृष्णेकाठी असाल तर कोयना. सोडलेल्या पाण्याची बातमी कोल्हापूर-साताऱ्याच्या बातमीपत्रात मराठीत येते, आणि घरं खाली करायचा हुकूम इकडच्या तहसीलदाराकडून कन्नडमध्ये. संकेश्वरकरांनी हिरण्यकेशीसाठी आंबोली-आजऱ्याचा पाऊस बघायचा. दोन्हीकडचे आकडे बघणारा घरात एक माणूस पाहिजे. सीमाप्रश्न कोर्टात चालू दे, कन्नड फलक वाचता आला पाहिजे. जिल्ह्याच्या कंट्रोल रूमला 1077, बाकी कशालाही 112.

जनावरं असतील तर त्यांचा बेत माणसांच्या आधी ठरवा, कारण म्हैस सोडून म्हातारी माणसं हलत नाहीत. कुणाच्या माळावर बांधायची हे मे महिन्यातच बोलून ठेवा, आणि थोडा कडबा तिकडे आधीच नेऊन टाका, गावातला भिजला की कुजतो. कानातल्या बिल्ल्यांचे नंबर दिसतील असे फोटो काढा, घराच्या भिंतींचेही चारी बाजूंनी काढा. पंचनाम्याला येणारा माणूस ‘आधी काय होतं’ हेच विचारतो. फोटो मोबाइलमध्येच ठेवू नका, पुण्या-मुंबईच्या एखाद्या नातेवाईकाला पाठवून ठेवा.

तुम्ही शहरात राहता म्हणून एवढंच: बळ्ळारी नाल्याच्या बाजूला घर असेल तर गाडी कुठल्या चढावर लावायची ते आत्ताच ठरवा, आणि गच्चीवरच्या टाकीला हाताने पाणी काढता येईल असा नळ बसवून घ्या. लाइट गेली की मोटार बंद, आणि चौथ्या मजल्यावर घागर चढवायला कुणी येत नाही.